काशाचा पेला

सासऱ्यांनी चुलीशेजारच्या घरदेवांना फुलं वाहिली आणि मातीचा पेला तेर्तुलाच्या हातात दिला. सुनेनं द्राक्षारसाची धार विस्तवावर सोडायची, हा रिवाज. पण ती चोरून ख्रिस्ताची झाली होती. दुसऱ्या देवांसाठी हात धजत नव्हता. समोर चुलतसासरे टक लावून बसले होते, सलोना शहराचे कोतवाल. रोमच्या सम्राटाच्या हुकमावरून त्यांनी परवाच शेजारच्या विणकरणीला ख्रिस्ती म्हणून फरफटत नेलं होतं. तेर्तुलानं पेला मुद्दाम निसटू दिला. खापऱ्या उडाल्या. "मागच्या सणालाही फुटला होता," कोतवाल म्हणाले. "सूनबाईंना आमचे देव जड जातात वाटतं." सासूनं काशाचा पेला भरला, तेर्तुलाच्या हाती दिला आणि तिच्या मुठीभोवती आपली मूठ आवळली. "लहान आहे, भाऊजी. शिकवते तिला." मग कानाशी कुजबुजली, "हात सैल सोड, पोरी. ओततेय ती मी." सासूचा तळहात तेर्तुलाच्याहून जास्त घामानं भिजला होता.