उथळ पाण्यातली राखण

"जावईबापू, हा पंप तुम्ही चालू केलात?" सासऱ्यांनी विचारलं. आवाज इतका मऊ होता, की आपलं काहीतरी चुकलंय हे जावयाने लगेच ओळखलं.

तळ्याची पातळी उतरलेली दिसली म्हणून त्याने सकाळी उठल्या उठल्या विहिरीचं पाणी तळ्यात सोडलं होतं. सासुरवाडीला आयतं बसून खाण्यापेक्षा थोडा हातभार लावावा, एवढंच डोक्यात. आता तळं काठोकाठ भरलं होतं आणि पार गारठलं होतं.

नेमके हे तळ्यात पाळलेल्या माशांचे अंडी घालायचे दिवस. तव्यात आख्खा मावेल एवढा हा मासा. पाण्याला ऊब आली की नर कडेच्या उथळ पाण्यात शेपटीने वाटीसारखा खड्डा करतो. मादी त्यात अंडी घालून निघून जाते आणि पुढचं सगळं, शेपटीने पाणी हलवून गाळ बसू न देणं आणि राखण करणं, बापाच्या गळ्यात पडतं. पाणी एकदम गार झालं की हे बाप खड्डे सोडून खोल पाण्यात जातात. मग अंड्यांवर गाळ बसतो, नाहीतर दुसरे मासे ती फस्त करतात. सासऱ्यांचं वर्षभराचं पोट या अंड्यांतून निघणाऱ्या पिलांच्या विक्रीवर होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, पण जावयावर ओरडायचं कसं, या पेचात तेही अडकले होते.

त्यांनी पंप बंद केला आणि शेजारच्या हौदातलं, कालच्या उन्हाने अजून कोमट असलेलं पाणी बारीक धारेने तळ्यात सोडलं. एकदम सोडलं तर तोही धक्का माशांना सोसायचा नाही, असं म्हणाले.

जावई चपला काढून पाण्यात उतरला. गारठ्याने पायांत कळ गेली. खड्ड्यामागून खड्डे ओस पडलेले. पण पंपाच्या पाइपखाली, सगळ्यात गार पाण्यात, तळहाताएवढा एक नर अजून अंड्यांवर शेपटी हलवत होता. जावई जवळ गेला तसा तो वळला, त्याच्या घोट्याला धडकला आणि परत कामाला लागला.

जावई थक्क होऊन बघत राहिला. माफी मागायची राहूनच गेली. मग तो शेजारच्या ओस खड्ड्याशी वाकला आणि अंड्यांवर तळहात हलवू लागला, त्या शेपटीसारखाच हळूहळू. अंडी पळवायला आलेले मासे दुसऱ्या हाताने हाकलू लागला. सासरेही उतरून एका खड्ड्याशी वाकले.

ऊन चढलं, कलू लागलं. काही खड्ड्यांतली अंडी पांढरी पडून गेलीच. पाण्याचा गारवा मोडला तशी खोल पाण्यातून एक काळी सावली वर आली. मागून दुसरी, मग कितीतरी. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी जागा दाखवली नव्हती. तरी जो तो सरळ आपल्याच खड्ड्यावर गेला. आयुष्यभर हेच बघत आलेल्या सासऱ्यांचेही डोळे भरून आले.

जावयाच्या बोटांना काहीतरी थडकलं. पुन्हा थडकलं. त्याचा हात मात्र हलतच होता.

सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सोडा आता," ते हळूच म्हणाले. "बाप आला त्यांचा."