मधली रेघ

आवाजी मतदानात एव्हिस 'होय' म्हणाली होती. ते शेजारच्या वेल्मालाही ऐकू गेलं नाही, कारण वेल्मा त्याच वेळी जोरात 'नाही' म्हणत होती.

"मला काही अंदाज येईना," सभापती म्हणाला. "विभागणी करू. ठरावाच्या बाजूचे तिकडे, घड्याळाखाली. विरोधातले इकडे, दाराजवळ. आणि मोजून होईपर्यंत कुणी हलायचं नाही. कॉफीलासुद्धा नाही."

शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या करकरल्या, पण जागा फारशा कुणी बदलल्या नाहीत. मार्चमधल्या गावसभेला लोक हल्ली येतानाच आपापल्या बाजूला बसतात. मध्ये बास्केटबॉलच्या मैदानाची लाल रेघ असते. एव्हिस नेहमी दाराकडे बसते. दुपारच्या जेवणाचा भट्टीत शिजवलेला घेवडाही दोन भांड्यांत आला होता, दोन टेबलांवर.

ठराव अँब्युलन्सचा होता. घरपट्टी थोडी वाढवायची आणि गावची अँब्युलन्स गावातच ठेवायची. नाहीतर ती जूनअखेर बंद होणार आणि पुढे डोंगरापलीकडची बोलवावी लागणार. रस्त्यावर बर्फ नसेल तर पाऊण तासात. ठराव डोरीनने मांडला होता. अँब्युलन्स तीच चालवते, बिनपगारी. एव्हिसच्या नवऱ्याला, मेरिलला, जानेवारीत तिनेच दवाखान्यात नेलं होतं. मेरिलच्या फुप्फुसांचं आता काही खरं नाही. एव्हिस रोज सकाळी उजेडात त्याची नखं बघते. गुलाबी असली तर कॉफी ठेवायची. निळी असली तर डोरीनला फोन करायचा.

गेल्या वर्षी हाच ठराव दाराकडच्या रोलँडने मांडला होता. शब्दही जवळजवळ हेच होते. तेव्हा घड्याळाखालच्यांनी तो पाडला. त्या दिवशी डोरीन घड्याळाखालीच उभी होती.

"ये की रोलँड," पलीकडून कुणीतरी ओरडलं. "तुझंच लेकरू आहे हे!"

"माझं होतं तेव्हा तुम्ही त्याचा गळा दाबलात," रोलँड जागेवरूनच म्हणाला. "आता तुमचं झालंय, तर तुम्हीच त्याला न्हाऊमाखू घाला."

दाराकडचे सगळे हसले.

एव्हिस उठून उभी राहिली. सकाळी मेरिलचे मोजे चढवताना तिने ठरवलं होतं की आपण 'होय' म्हणायचं. त्यासाठी उठून चालत जावं लागेल, हे काही तिच्या मनात आलं नव्हतं. एरवी मतदान आवाजावरच भागतं.

वेल्माने विणकामातून मान वर केली. "कुठे गं?"

"पाय आखडलेत."

"तिकडे नको जाऊस हं पाय मोकळे करायला. कॉफीत गाईच्या दुधाऐवजी त्यांचं ते शहरी बदामाचं दूध घालून देतील."

मागच्या रांगेतले दोघं हसले. एव्हिसही हसली.

लाल रेघ तिच्यापासून पाच-सात पावलांवर होती. रेघेपलीकडे डोरीन हाताची घडी घालून उभी होती. तिने एव्हिसकडे पाहिलं, पण खूण केली नाही, मानही हलवली नाही. भिंतीपाशी हार्लन बसला होता. वाचनालयाच्या ठरावावर मत देताना तो एकदा ती रेघ ओलांडून गेला होता. आज त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि तो कुणीकडेच उठून गेला नाही.

एव्हिसने आपले बूट पाहिले. त्यांच्यावरचा बर्फ वितळून खाली पाण्याचं छोटं थारोळं झालं होतं. पाय तिथेच होते. त्यांना जडपणा वगैरे काही नव्हता. ते फक्त हलत नव्हते.

सभापतीने मोजलं. मग कागदाकडे बघून डोकं खाजवलं. "फारच थोडक्यात आहे. परत मोजतो. कुणाला बाजू बदलायची असेल तर आत्ता बदला."

तो थांबला. 

"बस ना," वेल्मा म्हणाली. "मोजताना बसलेलं चालतं."

एव्हिस बसली.

ठराव एका मताने पडला. दाराकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. एव्हिसनेही वाजवल्या. आपले हात वाजताहेत हे तिच्या लक्षात आलं, तोवर बाकीचे थांबले होते.

बाहेर एव्हिस गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असताना डोरीन जवळ आली. तिने खिशातून स्वतःची पट्टी काढली आणि दुसऱ्या बाजूची काच खरवडायला लागली.

"मेरिल कसा आहे?"

"बरा आहे."

"जूनपर्यंत आहे मी. कधीही फोन कर."

"हो."

काच साफ झाली तरी डोरीन तिथेच उभी होती. "गेल्या वर्षी मीसुद्धा..." ती म्हणाली, आणि पट्टीवरचा बर्फ झटकून निघून गेली.

घरी मेरिल स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसला होता. नाकाला नळी, मांडीवर कांबळं. बाहेर संध्याकाळ होत आली होती. काय ठरलं, असं त्याने विचारलं नाही.

"कोण जिंकलं?" त्याने विचारलं.

एव्हिसने कोट खुंटीला लावला. हातमोजे एकात एक घातले.

"आपण," ती म्हणाली.

मेरिलचा चेहरा खुलला. ओरडण्याइतका श्वास त्याच्याकडे नव्हता, म्हणून त्याने टाळीसाठी हात पुढे केला. तिने टाळी दिली. मग त्याचा हात तसाच धरून सवयीने नखं पाहिली.

तिने दिवा लावला आणि परत पाहिली.