सत्काराचा नारळ

मस्कतच्या मराठी मंडळात कीर्तनाच्या मध्यंतरी नर्स लुर्देसचा सत्कार झाला. शाल, नारळ हाती आले. पण तिच्याबरोबर आजारी मोलकरणींची शुश्रूषा करणाऱ्या अकरा फिलिपिनो मैत्रिणी दाराशीच उभ्या होत्या.

लुर्देसनं त्यांच्याकडे पाहिलं आणि सरळ व्यासपीठाच्या पायरीवर आपटून नारळ फोडला.

“अगं बाई! सत्काराचा नारळ घरी न्यायचा असतो!” अध्यक्षबाई किंचाळल्या.

“काम बाराजणींचं, मॅडम. नारळ एकटी कशी नेऊ?” लुर्देस ठामपणे म्हणाली.

कीर्तनकारबुवा मात्र खदखदून हसले. “अहो, उत्तररंगातली गोष्ट यांनीच सांगून टाकली, आता मी काय बोलू? या गं पोरींनो, वर या!”

अकराजणींना खोबरं वाटून झालं. उरलेला तुकडा लुर्देसनं अध्यक्षबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो आधी कपाळाला लावला.