गल्लीतला नवा माणूस

छातीवर 'नवीन रहिवासी' असा बिल्ला लावून घेताना कवळीवाल्यांनी चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलू दिली नाही.

उभा जन्म याच गल्लीत गेला होता. गल्लीतलं निम्मं हसू त्यांच्या हातचं. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या कवळ्या तेच बनवायचे. ती हसणारी माणसं जागा विकून, नाहीतर जगच सोडून गेली, आणि त्यांच्या जागी आलेल्या सगळ्यांचे दात मेले स्वतःचे! धंदा बसला त्याचं एवढं काही नव्हतं. पण "काय कवळीवाले, जेवलात का?" असं विचारणारं तोंडच गल्लीत उरलं नव्हतं.

नव्या इमारतीच्या अंगणात टेबलं मांडलेली दिसली म्हणून ते नुसते डोकावले, तर एक मुलगी बिल्ल्यांचं तबक घेऊन पुढं आली.

"काका, तुम्हीपण नवीनच ना?"

कित्येक दिवसांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. विचारणारीला नाही म्हणायचं जिवावर आलं.

"परवाच आलो," ते म्हणाले.

"सोबत कोण?"

"एकटाच." यात मात्र खोटं काही नव्हतं.

"आणि आधी कुठं होतात?"

"दीपगृहात."

मग काय विचारता! चहाचे कप घेऊन सात-आठ जण भोवती गोळा. कवळीवाल्यांनी समुद्र पाहिला होता तो फक्त कॅलेंडरवर. पण एक देवमासा दिव्याच्या प्रेमात पडून पार पायरीपर्यंत कसा यायचा, आणि दिवा मालवला की रुसून पाठ फिरवून कसा झोपायचा, हे त्यांनी असं काही सांगितलं की ऐकणाऱ्यांचे कप हातातच गार झाले.

"पण तिथं एकटं नाही वाटायचं?" एका चष्मेवाल्यानं विचारलं.

"छे हो! जहाजं जायची ना समोरून. जाणारा प्रत्येक जण हात करायचा."

मुलगी म्हणाली, "आता दर रविवारी तुम्ही आमच्यात जेवायचं. आम्ही सगळे नवीन लोक एकत्रच जेवतो. जुन्यांना नाही आवडत आमच्यात यायला. बोलवलं तरी दार उघडत नाहीत."

"असतात एकेक," कवळीवाले हळहळले. त्यांचं दार कोणी वाजवल्याचं त्यांना आठवत नव्हतं, पण वाद कोण घालतो! रविवारच्या त्या पानासाठी ते आणखी दहा दीपगृहं बांधायला तयार होते. फक्त बिंग फुटायला नको.

"चला, तुम्हाला गल्ली दाखवते." तिनं त्यांचं कोपर धरलं. "जपून हं, इथं एक पायरी आहे."

कवळीवाले जपून उतरले.

"घर कुठलं तुमचं?"

त्यांनी बोटानं दाखवलं. "ती जुनी इमारत. मागची खोली."

"ती? ती रिकामी आहे असं वाटायचं आम्हाला."

पुढं रोपांचं दुकान लागलं. काचेमागं फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, आणि एकेका जबड्यात एकेक इवलंसं रोप. "माळ्यावर पोतंभर सापडले म्हणे," मुलगी म्हणाली. "कोणाचे कोण जाणे. गोड आहेत ना?"

कवळीवाल्यांनी ठसे घेतलेले ते जबडे. ही शिंपीण, हा बँडवाला. टपालवाल्याच्या खालच्या जबड्यातून निवडुंग उगवला होता. जिवंत असता तर चावला असता.

"गोड आहेत," ते म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यावरून आवाज आला. "अहो कवळीवाले! ओ कवळीवाले!"

अंडीवाली. घर सुटून ती कधीच गावाबाहेर गेली होती. अधूनमधून टोपली घेऊन जुन्या गल्लीत यायची. ती हसत हसत पुढं आली. हसण्यात वरचा डावा सुळा जरा वाकडा. तो कवळीवाल्यांनी मुद्दाम वाकडा बसवला होता, तिच्याच हट्टानं. सरळ केलात तर नवरा मला ओळखायचा नाही, म्हणाली होती.

"मेल्या माणसा, आहेस होय अजून! मला वाटलं, तूही गेलास."

कोपरावरचा मुलीचा हात जरा सैल झाला. तो सैल झालेला कवळीवाल्यांना नीट कळला.

"माफ करा," ते अंडीवालीला म्हणाले. "मी ओळखलं नाही आपल्याला."

"काका नवीन आहेत, मावशी," मुलगी म्हणाली. "परवाच आलेत."

अंडीवालीचं तोंड म्हणजे फुटकी पखाल. आत काही राहिलं असं आजवर झालं नव्हतं. तिनं बिल्ल्याकडं पाहिलं. मग मुलीच्या हाताकडं. मग कवळीवाल्यांच्या डोळ्यांत, आणि तिथं ती जरा जास्तच थांबली.

"नजर फसली गं माझी," ती म्हणाली. "आमच्यात एक होता असाच दिसायला. पण तो एक नंबरचा थापाड्या. हे गृहस्थ सज्जन दिसतात."

मुलगी हसली. तिचा हात कोपरावर पुन्हा घट्ट झाला.

अंडीवालीनं टोपली डोक्यावर नीट बसवली. "लक्ष असू दे हो त्यांच्याकडं," ती मुलीला म्हणाली. "नवीन माणूस आहे. इथं ओळखीचं कोणी नाही त्यांच्या."

आणि बंद दारांवरून "अंडीय्ये!" अशी हाळी देत ती चालू लागली.

तिला हाक मारायला कवळीवाल्यांनी तोंड उघडलं. पण परवा आलेल्या माणसाला तिचं नाव कुठून ठाऊक असणार?