धरू नये

समन्वयक बाईंनी वही कोपऱ्याला धरून उघडली. सतराव्या पानावर तपकिरी डाग वाळला होता. तो दिसताच त्यांनी बोट उचललं, टेबलावरच्या बाटलीतलं जंतुनाशक तळव्यावर घेतलं आणि हात चोळत म्हणाल्या, "किती नेटकी ठेवलीय बाबांनी! सगळ्यांनी अशी ठेवली तर आमचं निम्मं काम वाचेल."

खोलीभर लिंबाचा खोटा वास पसरला. समोर रुग्णाची मुलगी बसली होती. वडिलांना जाऊन नऊ दिवस झाले होते. मेंदूतल्या गाठीवर दोन नवी औषधं एकत्र देऊन पाहण्याच्या चाचणीत ते होते. त्यांची गोळ्यांची वही जमा करायला तिला बोलावलं होतं.

"एवढंच आहे, ताई." बाईंनी पेनाच्या टोकाने दाखवलं. "या अकरा दिवसांच्या नोंदी. ‘घेतली. उलटून पडली. धरू नये.’ यातलं ‘धरू नये’ तेवढं खोडायचं. एकच रेघ, बाजूला तुमची सही."

"का?"

"उलटली तरी घेतली म्हणजे घेतलीच ना. हे दिवस धरले नाहीत तर डोस कमी भरतात आणि बाबा चाचणीतून गळतात. दुसऱ्या महिन्याच्या स्कॅनमध्ये त्यांची गाठ लहान झाली होती. यशस्वी रुग्णांत आहेत ते."

"ते गेले."

"हो, पण ते चौथ्या महिन्यात." बाईंचा आवाज मऊ होता. "आम्ही दुसऱ्याच महिन्यापर्यंतचं मोजतो."

मुलीने वही आपल्याकडे ओढली. अक्षरं डाव्या हाताची होती. उजवा तोवर लुळा पडला होता. तीस वर्षं दुकानदारांची वजनं तपासलेला माणूस. मांडीवर भांडं, हनुवटीवरून ओघळणारी लाळ, आणि तोंड पुसायला गेलेला तिचा हात बाजूला सारून त्यांनी आधी पेन मागितलं होतं. "पोटात राहिली नाही ती कसली घेतली?" म्हणाले होते. "माझ्यामागून येणाऱ्याला खोटं माप नको."

बाईंनी एक छापील कागद पुढे सरकवला. त्यावर वडिलांचं नाव नव्हतं, नंबर होता. डोस: पूर्ण. निकाल: यशस्वी. खाली नातेवाइकाच्या सहीसाठी रेघ.

"बाबांनी एवढं सोसलं, ते वाया जायला नको. हो ना?"

मुलीने पेन घेतलं. वही मिटली. कागदावर ‘यशस्वी’च्या पुढे तिने दोनच शब्द लिहिले: धरू नये. मग सही केली, तारीख घातली.

बाईंनी ते वाचलं. त्या रागावल्या नाहीत. पुन्हा तळव्यावर जंतुनाशक घेतलं, हात वाळू दिले आणि खण उघडला. आत तोच नंबर, तोच निकाल छापलेला दुसरा कागद तयार होता.

"नातेवाइकांचं होतं असं," त्या म्हणाल्या. "म्हणून आम्ही नेहमी दोन प्रती काढून ठेवतो."