चहाच्या आधी

बाथरूमच्या दाराला आतून कडी घालून आणि नळ सोडून ती पालथ्या बादलीवर बसली. फोनवर बोट भराभर चालू लागलं. ‘आधी स्वतःचं तोंड दुरुस्त कर.’ काढली. ‘लाळ पुस, मग शिकव.’ काढली. ‘याच्या तोंडाची शिवण उसवलीय.’ या कमेंटवर चाळीसजण हसून गेले होते. तीही काढली.

“अगं, झोपलीस की काय आत?” बाहेरून बाबांनी हाक मारली.

“आलेच!”

बाबा शिलाई मशीनचे मिस्त्री. तीन वर्षांपूर्वी लकव्याने चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. हात शाबूत राहिले, पण ओठ खाली ओघळला आणि शब्द घसरू लागले. दुकानात येणारी गिऱ्हाइकं हळूहळू पांगली. तेव्हा तिनेच फोन धरून त्यांचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली. धागा सारखा का तुटतो, टाका का सुटतो, असं ती फोनमागून विचारायची आणि बाबा मशीन उघडून दाखवायचे. एकदोनदा तीही त्यात दिसली होती. बघता बघता हजारो लोक जमले. त्यांच्यातच हे टिंगल करणारेही आले.

कमेंट बंदच करून टाकाव्यात असं तिला कितीदा वाटलं. पण सकाळच्या चहाबरोबर बाबा त्याच तर वाचून दाखवत. “ही बघ, कुणी ताई लिहितेय, मिस्त्रीकाका, सहा महिने बंद पडलेलं मशीन चालू झालं. माणसं काय गोड असतात गं!” त्यांच्या वाकड्या ओठावरचं हसू बघितलं की ती तो विचार सोडून द्यायची.

म्हणून रोज चहाच्या आधी झाडलोट. मग बसमध्ये, जेवताना ताटाआड, परीक्षेला आत जाताजाताही. एकाला हाकललं की तो दोन नव्या नावांनी हजर. गेल्या वर्षभरात ती मैत्रिणीच्या लग्नालासुद्धा मुक्कामी राहिली नव्हती.

आणि आता नोकरीचं पत्र आलं होतं. दुसऱ्या शहरात, औषधांच्या प्रयोगशाळेत. तिथे फोन दारातच जमा करायचा आणि संध्याकाळी परत घ्यायचा. अख्खा दिवस!

“मी नाही जात,” चहा गाळता गाळता ती म्हणाली. “काम काही खास नाही. शिवाय तिथलं पाणी मला सोसणार नाही.”

“पाणी?” बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. “तुला लहानपणापासून धड खोटं बोलता आलेलं नाही. त्या कमेंटपायी थांबतेयस ना?”

तिने गाळणी खाली ठेवली.

“तू उठतेस साडेसहाला,” बाबा सावकाश म्हणाले. “मी पाचला उठतो. तोवर माझं सगळं वाचून झालेलं असतं.”

तिला एकदम रागच आला. “मग बोलला का नाहीत? वर्षभर मी इथे जीव मुठीत धरून बसलेय!”

“चुकलं माझं. वाटलं, मला जपल्याचं तुला समाधान आहे, तर असू दे. तू इतकी अडकून पडशील असं नव्हतं गं वाटलं.” त्यांनी रुमालाने ओठाचा कोपरा टिपला. “माझं तोंड वाकडं आहे, ते आरसाही सांगतो. तू सोमवारी निघ.”

तिचे डोळे भरून आले. “इतकं घाणेरडं वाचून तुम्ही रोज तसंच ठेवत होता? निदान एखादी तरी काढायची होती, बाबा.”

“काढायचो ना,” बाबा कपात बघत म्हणाले. “तुझ्याबद्दलच्या.”