तमासुराचा हुद्दा

बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झालेला कोंडाजी साजगावला एका पेंढ्याच्या गंजीत लपला होता, हे त्याच्या तीनच दोस्तांना ठाऊक होतं. तरी पोलीस नेमके त्याच गंजीपाशी आले. कोंडाजी तुरुंगात गेल्याला सहा महिने झाले होते आणि ते तिघे अजूनही विचारपूस करायला त्याच्या ओटीवर येत होते. तिघांपैकी कोणाला चहा द्यायचा नाही, हे त्याच्या बायकोला, इंदूबाईला, कळत नव्हतं.

एका दुपारी कोंडाजीच्या धाकट्या भावाने, नुकत्याच बी.एस्सी. झालेल्या सखारामने, तिघांना स्वतः लिहिलेली गोष्ट वाचून दाखवली. गोष्ट शनी ग्रहावरची होती. तिच्यातला खलनायक तमासुर शनीच्या कड्यांत लपलेला आपला जिवलग मित्र शत्रूला दाखवून देतो, आणि सम्राट त्याला बक्षीस म्हणून फौजेत शिपाई करतो.

नामा खो खो हसला. "काय लायकी रं! दोस्त विकला आन् हातात काय, तर काठी!"

"शिपाई तरी कशाला केलं?" इद्रिस ओटीखाली थुंकला. "असल्याला दारात बांधून ठेवायचा."

हिरामण हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते. "सगळं खोटं लिवलंयस तू," तो खेकसला.

"मग खरं काय, हिरामणदादा?" सखारामने वही मिटली.

 

"शिपाई नाय, जमादार करतो म्हणाले व्हते!"